पातेल्याचं बूड

“नलिनी, आज वजनकाट्याला हात लावायच्या आधी देवाचं नाव घे,” वाळिंबे सर म्हणाले.

“देवाचं कशाला, सर? काटा रोज मी पुसते. माझंच नाव घेते.”

सर एरवी हसले असते. त्या दिवशी नाही हसले. खिशातला रुमाल काढून त्यांनी कपाळ टिपलं आणि फाटकाकडे बघत उभे राहिले. फेब्रुवारीची सकाळ, लोणंदला अजून थंडी होती, आणि या माणसाला घाम!

ही १९८७ सालची गोष्ट. लोणंदच्या कांदा बाजाराच्या मागं पत्र्याच्या दोन शेड्स होत्या, तेच आमचं संशोधन केंद्र. संशोधन कशाचं, तर चुलीचं. बाहेर सांगितलं की लोक हसायचे. माझा मामा तर म्हणायचा, “बीएस्सी फिजिक्स होऊन पोरगी शेवटी चुलीपुढंच बसली.” मी त्याला म्हणायचे, “मामा, बसले नाही, चूल मोजतेय. तू आयुष्यात काय मोजलंस ते सांग.” 

मोजायचं म्हणजे काय, तर पाऊण किलो लाकूड जाळायचं, चुलीवर पातेल्यात पाच लिटर पाणी ठेवायचं, उकळी आणायची आणि लाकूड संपेपर्यंत उकळत ठेवायचं. पातेलं आधी वजन करायचं, नंतर वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढी वाफ झाली. पाणी किती तापलं आणि किती आटलं यावरून कळतं, लाकडातली किती उष्णता खरंच पातेल्यात गेली. शंभरातले किती टक्के कामाला आले. साधी तीन दगडांची चूल दहा-बारा टक्के देते. आमची शेगडी देत होती तीस!

आणि हा नुसता आमचा आकडा नव्हता. हॉलंड, केनिया, ग्वाटेमाला आणि आपण, अशा चार देशांचा मिळून तो कार्यक्रम होता. सगळ्यांची मोजायची रीत एक, वही एक, फॉर्म एक. आदल्या वर्षी नैरोबीच्या प्रयोगशाळेनं त्यांच्या शेगडीचे एकोणतीस टक्के दाखवले. त्यातून एक वजा करून वरच्या मंडळींनी रेघ मारली : अठ्ठावीस. ज्याची शेगडी अठ्ठावीसच्या वर, त्याला पुढची तीन वर्षं. ज्याची खाली, त्याचं काम एकतीस मार्चला बंद. आमच्या ग्वाटेमालाच्या दोस्तांचं तसंच बंद झालं होतं. त्यांचा निरोपाचा कागद सरांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

म्हणजे माझी नोकरी त्या रेघेवर होती. सरांची सहा वर्षं होती. आणि सोनाक्काची पगाराची जागा होती, जी एक एप्रिलपासून व्हायची होती.

सोनाक्का म्हणजे आमच्या चुलीवरची बाई. नवरा साखर कारखान्यात वारला, पदरात दोन मुली. चाचणीच्या नियमात लिहिलं होतं की चूल त्या भागातल्या बाईनंच पेटवायची, तिच्या घरच्या पद्धतीनं. सर पहिल्या दिवशी तिला म्हणाले होते, “आक्का, इथं आमच्यासाठी काही बदलायचं नाही. घरी करता तसंच करा.” सोनाक्कानं ते असं काही मनावर घेतलं होतं की विचारू नका. लाकूड जरा ओलं असलं तर सरांच्या अंगावर धावून जायची.

दहा वाजता गाडी आली. आतून योस्तसाहेब उतरले. हॉलंडचे, चारही देशांचं काम बघणारे. उंची एवढी की शेडच्या दारात वाकावं लागलं. त्यांच्या मागून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, अंगात निळा ठिपक्यांचा झगा, डोक्याला तसलाच रुमाल बांधलेला. या ग्रेस वांबुई, नैरोबीच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. ज्यांच्या एकोणतीसवरून रेघ मारली होती, त्याच.

“तुमचे तीस बघायला आले आहे,” त्या इंग्रजीत मला म्हणाल्या. आवाजात साखर नव्हती.

“या ना,” मी म्हटलं. “दोनदा दाखवते. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला त्या तेव्हाच आवडल्या, पण कबूल कोण करतो.

सकाळची चाचणी झाली. सोनाक्कानं पातेलं आणून दिलं, मी पाण्यासकट काट्यावर चढवलं, योस्तसाहेबांनी आकडा स्वतः वाचला, वांबुईबाईंनी वहीत उतरवला. पाऊण किलो बाभळीचं लाकूड सगळ्यांसमोर तोललं. सोनाक्का चुलीपुढं बसली आणि मग तिनं कुणाकडे बघितलं नाही. तिचा जाळ मोठा देखणा. एक काटकी पुढं, एक मागं, धूर नाही, फुफाटा नाही. वांबुईबाई खाली उकिडव्या बसून तिचे हात बघत राहिल्या.

लाकूड संपलं, पातेलं पुन्हा काट्यावर आलं. मी हिशेब केला. वांबुईबाईंनी त्यांचा वेगळा केला.

“तीस पूर्णांक दोन,” मी म्हटलं.

“तीस पूर्णांक दोन,” त्या म्हणाल्या, आणि वही मिटली. चेहरा उतरला होता, पण हात पुढं केला. मी दाबून धरला. योस्तसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी कंदी पेढ्यांचा बॉक्स काढला, तो त्यांनी आदल्या दिवशीच साताऱ्याहून आणून कपाटात लपवला होता हे मला माहीत होतं. सोनाक्कानं पेढा घेतला नाही, पदरात बांधला, मुलींसाठी.

सगळे चहाला बाहेर गेले. मी नेहमीप्रमाणं काटा पुसायला घेतला. माझी सवयच ती. चाचणीआधी एकदा, चाचणीनंतर एकदा, मलमलच्या फडक्यानं. योस्तसाहेब पेढा खात तिथंच रेंगाळले होते.

“सगळ्या प्रयोगशाळांत इतका स्वच्छ काटा मी पाहिला नाही,” ते म्हणाले. “काय पुसता एवढं?”

“माती,” मी म्हटलं.

“कुठली माती?”

“पातेल्याची.”

“वा!” म्हणून त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं, बहुतेक माझं कौतुकच, आणि बाहेर गेले.

मी फडकं हातात घेऊन उभी. फडक्यात मातीचे पापुद्रे होते. करडे, वाळलेले, बोटाच्या नखाएवढे. रोज असायचे. चार महिने मी ते झटकत होते.

पातेल्याची माती! अगं बये, मी मनात म्हटलं, पातेल्याला माती कशाला?

आता ज्यांच्या घरी कधी चूल नव्हती त्यांना सांगायला हवं. चुलीवर ठेवायच्या आधी भांड्याचं बूड बाहेरून मातीनं सारवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माती आणि राख पाण्यात कालवायची, हातानं बुडाला थापायची. मग काजळी धरते ती मातीवर. स्वयंपाक झाला की पाण्याचा हात फिरवला, माती सुटली, भांडं लख्ख. माझ्या आईनं केलं, आजीनं केलं, मी केलं. सारवलेलं पातेलं माझ्या डोळ्यांना कधी सारवलेलं दिसलंच नव्हतं. ते फक्त पातेलं होतं. ऐंशी चाचण्या मी ते काट्यावर चढवलं, आणि मला दिसलं नाही!

आणि ती माती ओली असते. जाळावर ती वाळते, तिचं पाणी उडतं. वाळली की पापुद्रे सुटून राखेत पडतात. नंतरच्या वजनात पातेलं तेवढं हलकं भरतं. आणि मी शहाणी ते सगळं वाफेत धरते.

 पण अंदाजावर रडायचं माझ्या स्वभावात नाही. मी पातेल्यातलं उरलेलं पाणी ओतून दिलं आणि तसंच मातीसकट तोललं. मग घासून, पुसून, कोरडं करून पुन्हा तोललं. रिकामं पातेलं अकराशे चाळीस ग्रॅम. वहीत सकाळचं पहिलं वजन होतं, त्यातून पाणी वजा केलं, पातेलं वजा केलं. सुरुवातीला माती होती दोनशे सत्तर ग्रॅम. शेवटी राहिली एकशे वीस.

दीडशे ग्रॅम गेली होती. दीडशे ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीन टक्के.

तिसातून तीन गेले की किती राहतात, त्याला फिजिक्स लागत नाही.

मी सरांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि वही पुढं केली. त्यांनी एकदा वाचली. मग चष्मा काढून पुन्हा वाचली.

“तुला आजच दिसायचं होतं?” ते म्हणाले.

“आज दिसलं, सर. मला स्वतःचीच चीड आलीय.”

“नियमांच्या कागदात कुठं लिहिलंय, की पातेलं सारवू नये?”

“नाही लिहिलेलं.”

“बाईनं तिच्या घरच्या पद्धतीनं करावं, हे लिहिलंय. तिनं केलं. आपण कुठलाही नियम मोडला नाही. मग?”

“मग काय सर, वाफ म्हणून माती मोजली आपण. तुम्हाला ती चालणार असेल तर मला सांगा.”

“आवाज खाली कर.”

“खालीच आहे. हा माझा खालचा आवाज आहे.”

सर खुर्चीत बसले. काचेखालच्या ग्वाटेमालाच्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं. मला त्यांची फार दया आली. सहा वर्षं या माणसानं सायकलवर लाकडं वाहिली होती. कॉलेजातली बरी नोकरी सोडून इथं पत्र्याखाली बसला होता. मी लहान होते, चोवीस वर्षांची, मला दुसरं काहीतरी मिळालं असतं. त्यांना कोण घेणार होतं?

“फॉर्मवर सही तुझी असते,” शेवटी ते म्हणाले. “तूच ठरव. मी तुला अडवणार नाही. पण ‘कर’ असंही म्हणणार नाही. एवढं बळ नाही माझ्यात.”

“चालेल,” मी म्हटलं, आणि तोंड धुवायला गेले. रडले थोडी. मग नाक शिंकरलं.

मागच्या मोरीपाशी सोनाक्का दुसरं पातेलं घेऊन बसली होती, दुपारच्या चाचणीसाठी. हात मातीनं माखलेले. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिला काटा कळत नव्हता, पण वजन कळत होतं. बाजारात आयुष्य गेलेलं.

“म्हंजे माझ्या मातीनं तुमचा आकडा फुगला व्हय?”

“हो आक्का.”

“आन आता माती काढली की आकडा बसणार.”

“बसणार.”

“आन माझी जागा?”

 तिनं हातातल्या पातेल्याकडं बघितलं. अर्धं सारवून झालं होतं.

“मला कुणी सांगितलं असतं तर मी मुद्दाम कशाला केलं असतं गं? म्या चोरी केली व्हय?”

“नाही आक्का. चूक माझी. बघायचं काम माझं होतं.”

“मग तूच घास हे,” ती म्हणाली आणि पातेलं माझ्याकडं सरकवलं. “माझा हात हुणार न्हाई.”

मी ते पातेलं उचलून पाहुण्यांसमोर, शेडच्या दारातल्या नळावर नेलं, आणि सगळ्यांच्या देखत काथ्यानं घासायला बसले. योस्तसाहेब जेवून आले होते, दात कोरत उभे होते. वांबुईबाई हातात वही घेऊन होत्या. घासता घासताच मी सांगून टाकलं. इंग्रजी माझं बेताचं, पण त्या दिवशी अडलं नाही. सकाळचा आकडा खोटा आहे. आधीचे ऐंशीही खोटे आहेत. आता घासलेल्या पातेल्यानं दाखवते, तो खरा धरा.

योस्तसाहेबांना आधी कळेचना. “पातेल्याला चिखल? बाहेरून? कशासाठी?” असं त्यांनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा कळलं तेव्हा ते मटकन बाकावर बसले.

वांबुईबाईंनी एक अक्षर विचारलं नाही.

दुपारची चाचणी झाली. सोनाक्का बसली चुलीपुढं, पण तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. “हे बघा, हे बघा बूड! डांबर फासल्यागत झालं. हे घासायला उद्या कोण येणार हाय, साहेबाची बायको?” एरवी मी हसले असते. लाकूड संपलं. पातेलं काट्यावर चढलं. हिशेब दोघींनी केला.

“सत्तावीस पूर्णांक चार,” मी म्हटलं. आवाज कापला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

“सत्तावीस पूर्णांक चार,” वांबुईबाई म्हणाल्या.

योस्तसाहेब चांगले गृहस्थ होते. त्यांनी घसा खाकरला. “मिस भोईटे, तुमचा मला फार आदर वाटतो. पण रेघ अठ्ठावीसची आहे. ती मी एकट्यानं नाही मारलेली. मला तसंच लिहावं लागेल.”

“लिहा,” मी म्हटलं. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. सोनाक्काला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिला कळलं. तिनं पदराच्या गाठीतला पेढा चाचपून बघितला.

मग वांबुईबाई उठल्या. सोनाक्काजवळ गेल्या, आणि मला म्हणाल्या, “हिला विचार, चिखल कशाचा करते?”

मी विचारलं.

“पांढरी माती, चाळलेली राख, पाणी,” सोनाक्का म्हणाली. “का? त्यात बी खोट हाय का काय?”

“रोज नवा करते? ओलाच लावते?”

“रोजचा रोज. वाळका कसा लावंल?”

वांबुईबाईंनी मान हलवली आणि बाहेर निघून गेल्या. लाकडाच्या ढिगापाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, बाई खूश आहे. तिचे एकोणतीस आता सगळ्यांत वर. जा, हस एकदाची. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्या चहाचा कप उचलून मोरीत ओतला. थंडच होता म्हणा.

पाचेक मिनिटांनी, दहाही असतील, त्या परत आल्या. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता.

“इथून नैरोबीला फोन लागतो?”

“पोस्टातून. ट्रंक कॉल नोंदवावा लागतो. उद्यापर्यंत लागला तर नशीब.”

“नोंदव,” त्या म्हणाल्या. कुणाला फोन, कशाला, काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन लागला. मी त्यांच्याबरोबर होते, योस्तसाहेबही होते, कारण त्यांना दुपारी पुणं गाठायचं होतं आणि गाडी पोस्टाच्या दारातच उभी होती. लोणंदचं पोस्ट केवढं, तर एक काउंटर, एक बाक आणि लाकडी खोकं, त्यात फोन. खोक्याचं दार नीट लागायचं नाही. वांबुईबाई आत उभ्या राहून त्यांच्या भाषेत ओरडत होत्या आणि मनीऑर्डरच्या रांगेतली सगळी माणसं पावती विसरून बघत होती. मला एक शब्द कळत नव्हता, फक्त एक नाव परत परत येत होतं. न्याम्बुरा.

मग त्या थांबल्या. पलीकडून कुणीतरी बोलत होतं, बराच वेळ. वांबुईबाईंनी कपाळ खोक्याच्या फळीला टेकवलं. मग त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून. पोस्टमास्तर उठून उभे राहिले.

फोन ठेवून बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.

“न्याम्बुरा म्हणजे आमची चुलीवरची बाई,” त्या योस्तसाहेबांना म्हणाल्या. “मी विचारलं, पातेल्याला बाहेरून काही लावतेस का? ती म्हणाली, बाईसाहेब, हे विचारायला भारतातून फोन केलात? लावणार नाही तर काय! सात वर्षं लावतेय. राख आणि चिखल. तुमच्या आईनं तुम्हाला शिकवलं नाही का?”

योस्तसाहेब गाडीच्या दारावर हात ठेवून तसेच उभे.

“म्हणजे तुमचे एकोणतीस…”

“एकोणतीस नाहीत. सव्वीस असतील. पंचवीसही असतील. मोजल्याशिवाय सांगणार नाही.”

“पण तुमचा अहवाल छापून झालाय! तुमच्या नावानं. चारही देशांत गेलाय.”

“गेलाय. मी तो मागे घेते. आणि आता मला सांगा, तुमची अठ्ठावीसची रेघ कशावरून मारलीत?”

 उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. वांबुईबाईंच्याच एकोणतिसातून एक वजा करून मारलेली रेघ. ज्या रेघेखाली ग्वाटेमाला बुडालं आणि काल आम्ही बुडालो, ती न्याम्बुराच्या चिखलावर उभी होती. मी काय केलं असेल? मी पोस्टात, सगळ्या रांगेदेखत, वांबुईबाईंच्या गळ्यात पडले. त्यांच्या अंगाला राखेचा वास येत होता.

त्यांनी मला बाजूला केलं आणि खांदे धरले. “ऐक. काल तुझा आकडा पडला ना, तेव्हा मला आनंद झाला होता. दहा मिनिटं मी त्या लाकडांपाशी उभी राहून खूश होते. आणि मग मला न्याम्बुराचे हात आठवले. मला वाटलं, कशाला विचारायचं? कुणाला कळणार आहे? हे तुला सांगून ठेवते. मला थोर समजू नकोस.”

“मी तुमचा चहा मोरीत ओतला,” मी म्हटलं.

“मला दिसलं,” त्या म्हणाल्या.

योस्तसाहेबांनी गाडी परत पाठवली आणि पुण्याऐवजी आमच्या शेडमध्ये दोन दिवस राहिले. रेघ पुसली गेली. चारही ठिकाणी घासलेल्या पातेल्यानं पुन्हा चाचण्या झाल्या, ग्वाटेमालासुद्धा परत घेतलं. नैरोबीचे पंचवीस पूर्णांक सहा आले, ते वांबुईबाईंनी स्वतः छापले, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. आमचे सत्तावीस पूर्णांक चार सगळ्यांत वर राहिले. नवी रेघ चोवीसवर आली. एक एप्रिलला सोनाक्का पगाराच्या वहीत सही करायला आली तेव्हा सरांनी तिला स्वतःचं पेन दिलं. ती अंगठ्याऐवजी सहीच करणार म्हणून महिनाभर गिरवत होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मे महिन्यात नैरोबीहून पत्र आलं. आत एक फोटो होता. जाडजूड बाई, हातात काळंकुट्ट पातेलं, कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की आता फेकून मारेल. मागं वांबुईबाईंनी लिहिलं होतं : ‘न्याम्बुरा. ती तुझ्यावर चिडलीय. विचारते, काजळी काढायची कशी?’

मी फोटो सोनाक्काला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. तिला दुसऱ्या देशातली तिच्यासारखीच चिडलेली बाई पहिल्यांदाच दिसत होती.

“बिचारी,” ती म्हणाली. “लिही तिला. म्हणावं, नुसतं घासत बसू नको, मनगट मोडंल. चुलीवर ठेवायच्या आधी बुडाला तेलाचं बोट फिरवायचं. काजळी चटशिरी निघती.”

मी पेन घेऊन लिहायला लागले. अर्धी ओळ लिहून झाली आणि माझा हात थांबला.

“आक्का. हे तू कधीपासून करतेस?”

“कधीपासून म्हंजे? तू माती बंद केलीस तवापासून.”

“रोज?”

“रोज. मातीला न्हाई म्हणालीस. तेलाला कुठं न्हाई म्हणालीस?”

मी पेन खाली ठेवलं. फडकं घेतलं आणि काट्यावरचं झाकण काढलं. सोनाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी पातेलं कोरडं तोललं, तिच्याकडून तेलाचं बोट फिरवून घेतलं, पुन्हा तोललं. दोन ग्रॅम. सर धावत आले, त्यांनी वाकून बघितलं.

“दोन ग्रॅमनं काय होतंय, नलिनी?” ते म्हणाले. चेहरा मात्र पांढरा.

“काही होत नाही, सर. पण लिहून कळवायचं,” मी म्हटलं. सर खळखळून हसले. त्या वर्षात पहिल्यांदाच.

मी दोन्ही लिहून पाठवलं. तेल लावलं की काजळी निघते, हे न्याम्बुराला. तेलाचे दोन ग्रॅम, हे वांबुईबाईंना. पुढच्या वर्षी चार देशांची मिळून मोजणीची पुस्तिका निघाली. तिच्यात अकराव्या पानावर एक ओळ आहे : पातेलं बाहेरून घासून, कोरडं करून मगच तोलावं, त्याला माती, राख किंवा तेल लावू नये.

मी आता निवृत्त झाले, तरी नव्या मुलांना शिकवायला मला अधूनमधून बोलावतात. माती आणि राख त्यांना समजते. तेल कशाला लिहिलंय, असं कुणी ना कुणी हमखास विचारतं, आणि मग मी त्यांना सोनाक्काचं नाव फळ्यावर लिहून दाखवते.